मी अण्णांना दाखवलेला चीन

हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत कुणाकडेही चार मराठी कुटुंबं जमली, की जेवणं आटोपता आटोपता फर्माईश येते, "ती चीनची सांग ना!" मी थोडे आढेवेढे घेतो. आढेवेढे घेण्यात माझा हात धरणारा अजून तोक्योत उतरलेला नाही. मग खुर्ची मागे सरकवतो, समोरचा चहाचा कप उचलतो, त्याच्या कडेवर नखानं टिचकी मारतो, कान लावतो आणि वडिलांच्या खर्जात म्हणतो, "भाजणी कच्ची आहे." लोक तिथूनच हसायला लागतात. पुढची वीस मिनिटं माझी असतात.

त्या वीस मिनिटांत माझी मुलगी खोलीत थांबत नाही. शाळेत होती तेव्हा "कचरा टाकून येते" म्हणून उठायची. एकदा बायको म्हणाली, "अगं, आज प्लास्टिकचा कचरा न्यायचा वार नाही." तर दारातूनच म्हणाली, "माहितीये," आणि गेली.

सांगायच्या गोष्टीत मी एक वाक्य गाळतो. त्यामुळे गोष्ट हलकी होते, छान उडते. इथे ते वाक्य त्याच्या जागी लिहिणार आहे. हसू कमी येईल, त्याला माझा इलाज नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात भट्टी सांभाळली. विजेच्या खांबांवर पांढऱ्या चिनी मातीचे डमरूसारखे इन्सुलेटर असतात, ते तिथे भाजले जायचे. भट्टीतून निघालेला नग टिचकी मारून ऐकायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर बाहेर. ती टिचकी त्यांच्या बोटात इतकी मुरली होती की हॉटेलात, डोहाळजेवणात, कुणाच्या सांत्वनाला गेले तरी कप हातात आला की आधी टिचकी, मग चहा, मग कप उपडा करून बुडाचा शिक्का. माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांचा नवाकोरा डिनर सेट नापास केला होता. हळू आवाजात केला, पण सासूबाईंनी ऐकलं.

नोकरीला लागताना त्यांना कारखान्याचं एक पातळसं माहितीपुस्तक मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं की ह्या मातीचं केओलिन हे नाव चीनमधल्या एका डोंगरावरून आलं, आणि त्या डोंगराजवळच्या जिंगदेझेन नावाच्या गावात हजार वर्षं भट्ट्या पेटत आल्या आहेत. बस्स. आई काशीचं म्हणायची, अण्णा जिंगदेझेनचं. आई काशीला जाऊन आली. अण्णांच्या गावाचं नाव आमच्या नातेवाइकांना धड उच्चारताही येत नव्हतं, त्यामुळे तिथे कधी जायचं हे त्यांना कुणी विचारलंही नाही.

आई गेल्यावर दोन वर्षांनी अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मी म्हटलं, इथून चीन म्हणजे शेजार. चीनचा व्हिसा ते मुंबईहूनच काढून घेऊन आले. बायकोला नोकरीतून सुट्टी नव्हती, म्हणून मी, अण्णा आणि तेव्हा तेरा वर्षांची मुलगी असं तिघांचं ठरलं. मी नऊ दिवसांची रजा काढली आणि मोठ्या कागदावर एक भव्य दौरा आखला: शांघाय, जिंगदेझेन, ग्वेलिनचे नदीकाठचे सुळके, शीआनचे मातीचे सैनिक, शेवटी बीजिंग. प्रत्येक थांब्यापुढे तिथे काय खायचं तेही लिहिलं. अण्णांनी कागद वाचला आणि दुसऱ्या थांब्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"हे तेवढं कर. बाकी तुझी हौस."

"अण्णा, शांघायला सूप भरलेले मोदक मिळतात."

"मोदकात सूप कशाला भरतात?"

पुण्यात सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येणाऱ्या आठ मंडळींना ते कबूल करून आले होते: प्रत्येकाला तिकडच्या मातीचा एकेक कप.

आता माझी ख्याती सांगायला हवी. आमच्या इमारतीत कुणाचंही व्हिसाचं काम अडलं की माझं दार वाजतं. मी एका व्यापारी कंपनीत आहे, इमिग्रेशनच्या खिडक्यांपुढे माझे बूट झिजलेत. कुणाच्या सासूबाईंना महिनाभर जास्त ठेवायचंय, कुणाला बाळाचं रहिवासाचं कार्ड काढायचंय, मला विचारा. तर आम्ही इथे राहणारी माणसं देशाबाहेर जाताना विमानतळावर एका चिठोऱ्यावरच्या चौकोनात खूण करतो, 'परत येणार आहे'. झालं काम. सोळा वर्षं मी ती खूण करत आलो होतो. सोळा वर्षांत मी साफ विसरलो, की पाहुण्याला तो चौकोन नसतो. पाहुण्याचा व्हिसा एकदाच आत येण्याचा. बाहेर पाऊल पडलं की संपला.

नारिता विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं अण्णांच्या पासपोर्टची पानं पुढे उलटली, मागे उलटली, परत पुढे उलटली. इथली माणसं वाईट बातमी देण्याआधी दातांतून श्वास आत ओढतात. तो आवाज आला.

ती दोन गोष्टी म्हणाली. पहिली: आपल्या वडिलांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे, ते आज गेले तर जपानला परत येऊ शकणार नाहीत. दुसरी: पण त्यांना चीनला जाता येईल. दौरा संपवून तिथूनच भारतात गेले तर काहीच अडचण नाही. परतीचं तिकीट बदलून मिळतंय का, मी विचारून बघू का?

अण्णा माझ्या मागे उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात नवे बूट.

"काय म्हणते?"

"जाता येणार नाही म्हणते, अण्णा. व्हिसाचा घोळ आहे."

हे ते गाळलेलं वाक्य.

कारणं होती ना! कारणांना काय तोटा? त्यांची मोठी बॅग घरी, निम्मी औषधं घरी. शहात्तराव्या वर्षी एकटे कुठल्यातरी तिसऱ्याच विमानतळावर विमान बदलणार कसे? म्हणजे पुण्यापर्यंत पोचवायला मी जायला हवं. म्हणजे रजा चार दिवस वाढवायला हवी, म्हणजे साहेबांना फोन करून तीन वेळा माफी मागायला हवी. हे सगळं माझ्या डोक्यातून चार सेकंदांत गेलं. आणि पाचव्या सेकंदाला हेही, की जाताच येत नाही म्हटलं तर खापर जपान सरकारवर फुटतं. जाता येतं म्हटलं तर काम माझ्यावर येतं. मी सरकार निवडलं.

"असं?" अण्णा म्हणाले. "मग राहू दे." आणि त्यांनी त्या मुलीला हात जोडून नमस्कार केला. ती गोंधळली. नक्की ना, असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "दाइजोबु." काही हरकत नाही.

माझी मुलगी शेजारी उभी राहून विमानतळावरच्या दुकानातून घेतलेला भाताचा गोळा खात होती. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, तिचं जपानी माझ्यापेक्षा दसपट चांगलं. तिचं चावणं थांबलं. त्या वेळी मी तिच्याकडे पाहिलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पाहिलं होतं.

परतीच्या गाडीत ती दोघं शेजारी शेजारी बसली आणि मी दाराशी उभा राहून फोनवर एकेक हॉटेल रद्द करत गेलो. बीजिंग रद्द होईपर्यंत माझ्या अंगात नाटक संचारलं. रजा नऊ दिवसांची होतीच. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि जाहीर केलं, "अण्णा, आपण चीनला जाऊ शकत नाही ना? मग उद्यापासून चीन इथेच! योकोहामा, कोबे, नागासाकी, आरिता. जपानमध्ये जेवढा चीन शिल्लक आहे तेवढा दाखवतो तुम्हाला."

अण्णांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दाखव," म्हणाले.

पहिला थांबा योकोहामा. चिनी वस्तीच्या लाल-सोनेरी कमानीखाली मी दोन्ही हात पसरून ओरडलो, "शांघाय!" दोन शाळकरी मुलींनी माझा फोटो काढला. सूपवाले मोदक मिळाले. अण्णांनी पहिलाच चावला आणि गरम सूप शर्टभर उडालं.

"आता कळलं सूप कशाला भरतात ते," रुमालानं पुसत ते म्हणाले. "धोब्याचं पोट चालावं म्हणून."

तिथे गल्लोगल्ली हात बघणाऱ्या बायका बसतात. एकीपुढे मी अण्णांना बसवलं. तिनं भिंगातून तळहात न्याहाळला आणि सांगितलं की आता मोठे प्रवास दिसत नाहीत, आजोबांनी घर सांभाळावं, गुडघे सांभाळावेत. मी भाषांतर केलं, "लांबचा प्रवास आहे म्हणते! पाण्यावरून!"

"एवढं सगळं दिसतं हातात?" अण्णा म्हणाले. मुलगी हातातल्या पांडाच्या तोंडाच्या पावाचा एक कान तोडत बसली होती. तिनं दुसराही तोडला.

दुसरा थांबा कोबे. तिथल्या चिनी बाजारात मांसाच्या वाफाळत्या पावांपुढे ही रांग. डुकराचं म्हणून अण्णांनी नाक मुरडलं आणि तिळाच्या गोळ्यांवर समाधान मानलं. एका चहाच्या दुकानात म्हातारा मालक होता. त्यानं छोट्या कपांतून चहा दिला. अण्णांची टिचकी झाली, चहा झाला, बूड बघून झालं.

"ह्यांचं गाव कोणतं, विचार. भट्ट्या होत्या का तिकडे?"

मी विचारलं. म्हातारा ओशाळून हसला. त्याचे आजोबा आले होते चीनहून. तो स्वतः कधी गेलेला नाही, त्याला चिनी धड बोलताही येत नाही. मी अण्णांना म्हणालो, "ह्यांच्या आजोबांच्या गावाशेजारी भट्ट्याच भट्ट्या होत्या म्हणतात. पांढऱ्या मातीचे डोंगर. उन्हात डोळे दिपायचे."

"गावाचं नाव?"

"आठवत नाही म्हणतात."

मुलगी मला जपानीत म्हणाली, "ते असं म्हणाले नाहीत."

मी जपानीतच म्हणालो, "आजोबांना बरं वाटतंय ना? मग गप्प बस."

म्हाताऱ्याला आमचं ते बोलणं अर्थातच कळलं. त्यानं मान खाली घालून चहाचे डबे नीट लावायला घेतले. सांगायच्या गोष्टीत हा म्हाताराही नसतो.

नागासाकीत चिनी विद्यार्थ्यांसाठी म्हणून कधीकाळी सुरू झालेली नूडल्सची थाळीएवढी वाटी मिळते. अण्णांनी बूड बघायला ती उपडी केली तेव्हा तळाशी अजून सूप होतं. दुसरा शर्ट गेला. ह्या ठिकाणी माझ्या गोष्टीत लोक टाळ्या देतात.

आणि मग आरिता. हा थांबा मी खास राखून ठेवला होता. डोंगरांच्या बेचक्यातलं लांबट गाव, चारशे वर्षं चिनी मातीची भांडी करणारं. गावाच्या टोकाला एक डोंगर आहे, म्हणजे होता. पांढरा दगड काढून काढून तो आतून खरवडून खाल्ल्यासारखा झालाय. अण्णा कठड्याशी बराच वेळ उभे राहिले. गल्ल्यांत फुटक्या भट्ट्यांच्या विटा रचून बांधलेल्या भिंती आहेत. एका विटेवर काचेसारखा हिरवट ओघळ होता. त्यावर त्यांनी हात ठेवला.

"ही झिलई नव्हे," ते नातीला सांगायला लागले. "राख वितळून बसलीय. ही वीट आगीच्या तोंडाशी असणार. बघ, मागची कोरडी आहे." ती वाकून बघत होती. तिनं मराठीत तीन प्रश्न विचारले. घरी ती मला दिवसाला एक मराठी वाक्य देत नाही.

टेकडीवरच्या देवळाची कमानही तिथे चिनी मातीची, पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, देवाला नमस्कार केला आणि कमानीला टिचकी मारली.

"पास," म्हणाले.

मी मनातल्या मनात स्वतःला वाकून अभिवादन केलं. वाटलं, जमलं. चार दिवसांची रजा वाचली आणि माणूसही खूश झाला.

खाली एका दुकानात पाय मोकळे करायला बसलो. दुकानदारीणबाई सत्तरीच्या, बोलक्या. अण्णा म्हणाले, "ही विद्या इथे कुणी आणली, विचार त्यांना. चीनचा माणूस होता का?"

बाईंनी सविस्तर सांगितलं: लढाईनंतर कोरियातून इथे आणलेल्या कुंभारांपैकी एकाला ह्या डोंगरात तो दगड सापडला. मी अण्णांकडे वळलो. जीभ तयारच होती. "चीनचाच म्हणतात! जिंगदेझेनचाच असावा म्हणतात!"

"कोरिया," मुलगी म्हणाली. मोठ्यानं, मराठीत. "त्या कोरिया म्हणाल्या, आजोबा. चीन नाही म्हणाल्या."

"अगं, गंमत..."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले. "बाहेर पाटीवर इंग्रजीत लिहिलंय. वाचलं मी." त्यांनी कप खाली ठेवला, अगदी हलक्या हातानं. "विमानतळावरचंही माहीत आहे."

दुकानदारीणबाई हसतमुखानं आमच्याकडे बघत होत्या.

"हिनं गाडीत सांगितलं. तू दाराशी फोनवर होतास तेव्हा."

"मग बोलला का नाहीत, अण्णा? दुसऱ्या दिवशी निघालो असतो आपण!"

"दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तू टोपी घालून तयार. चला अण्णा, शांघायला. इतका रंगात आला होतास. म्हटलं, कशाला विरस करायचा."

मी काहीतरी पुटपुटलो. रजेचं, औषधांचं, विमान बदलण्याचं. ते ऐकत होते, टिचकी मारून कपाचा आवाज ऐकतात तसे.

"तुला जड जात होतं ते कळलं मला," ते म्हणाले. "तेवढं तोंडानं म्हणायचंस. मीच नको म्हटलं असतं."

मग त्यांनी उठून आठ कप निवडले. प्रत्येकाला टिचकी मारून, ऐकून. बांधून घेताना मी एक शेवटचा प्रयत्न केला. "अण्णा, सांगा ना सगळ्यांना, चीनचे आहेत म्हणून. बुडाखाली कोण बघतंय?"

"मी बघतो," अण्णा म्हणाले.

पुण्याला गेल्यावर त्यांनी कप वाटले आणि सांगितलं, जपानचे आहेत, चीनला जाणं झालं नाही. का झालं नाही असं विचारणाऱ्यांना म्हणाले, व्हिसाचा घोळ होता. माझं वाक्य जसंच्या तसं. इकडे मी रजेवरून आल्यावर ऑफिसात मिठाई वाटायच्या रिवाजाप्रमाणे चीनची म्हणून एक पेटी नेऊन ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ती उलटी करून पत्ता वाचला. योकोहामा. मग एक वडी घेतली, आभार मानले.

पुढच्या वर्षी मी अण्णांना फोनवर म्हणालो, आता नीट जाऊ, थेट मुंबईहून निघू, तिकिटं काढतो. ते म्हणाले, गुडघे. त्याच्या पुढच्या वर्षीही गुडघे. नंतर मी विचारणं सोडलं. गोष्ट सांगणं मात्र सोडलं नाही. चांगलीच बसली होती ती.

मुलगी आता विद्यापीठात आहे. दुसरी भाषा म्हणून तिनं चिनी घेतलं, का घेतलं ते मी विचारलं नाही. ह्या वसंतातल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर चीनला जाते म्हणाली. मी खूप सूचना केल्या, सूपवाल्या मोदकांचा विनोद केला. "हो, बाबा," म्हणाली. शांघायचे दोन फोटो तिच्या आईला पाठवले, मला बायकोनं दाखवले.

मग रविवारी नेहमीप्रमाणे मी अण्णांना फोन केला. एक्याऐंशी पूर्ण झालीत त्यांना. औषधांचं झालं, कामवाल्या बाईंचं झालं. मग म्हणाले, "परवा जिंगदेझेन पाहिलं."

मला वाटलं, टीव्हीवर.

"पोरीनं तिथून व्हिडिओ कॉल लावला होता. दोन तास. तुला सांगू नको म्हणाली होती, पण आता सांगतो. भट्टी दाखवली जुनी, तो डोंगर दाखवला. अरे, मातीत नुसता अभ्रक चमकतो तिथे, मला वाटलं नव्हतं तसं. मग एका कुंभाराकडे घेऊन गेली. त्याच्या कपाला टिचकी मारून फोन जवळ धरला."

"काय म्हणालात? पास?"

ते हसले नाहीत. माझ्या बोलण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मी विचारत होतो, ती त्याला विचारत होती. तो जे म्हणेल ते मला मराठीत सांगत होती, अडखळत, पण एकेक शब्द. तो म्हणाला, आता निम्मी माती बाहेरून येते, तेसुद्धा सांगितलं. मध्ये एकदा म्हणाली, आजोबा, हे मला नाही कळलं, परत विचारते." पलीकडे त्यांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं वाटलं."